चोऱ्या वाढल्यावर पेठेची बैठक: कोणता ठराव चालतो आणि कोणता अंगाशी येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत दीड-दोन महिन्यांत काही घरं फुटली, दारातल्या मोटरसायकली गेल्या. येत्या रविवारी तालमीत बैठक आहे. तरुणांचं म्हणणं असं: रात्री गस्त घालू, अनोळखी दिसला की आधार कार्ड मागू, मोकळ्या जागेवर पालं ठोकून राहिलेल्यांना उठवू, संशयितांचे फोटो ग्रुपवर टाकू, कॅमेरे बसवू आणि गल्लीतल्या एका सराईताला तडीपार करायचा ठराव करू. काही ज्येष्ठ म्हणतात, हे सगळं पोलिसांचं काम, आपण हात लावायचा नाही. वाद एवढा चिघळलाय की बैठक होते की नाही अशी शंका आहे. यातलं काय करता येतं?

बैठक जरूर घ्या, पण एक पद्धत पाळा. कुणीही काही सुचवलं की ते फळ्यावर एका वाक्यात लिहायचं आणि पुढं विचारायचं: हे कोण करणार आणि कुठल्या अधिकारात? 'अनोळखी लोकांना रोखलं पाहिजे' असं बोललं की माना डोलतात. तेच 'तालमीतली चार पोरं रात्री दोन वाजता रस्त्यात माणूस अडवून त्याचं आधार कार्ड तपासणार' असं लिहून काढलं की बोलणाराच थबकतो. असं लिहिलं की सूचनांचे तीन ढीग आपोआप पडतात. काही गोष्टी पेठ स्वतः करू शकते, काही फक्त पोलीस किंवा महापालिका करू शकतात आणि आपण त्या लेखी मागायच्या असतात, आणि काही कुणीच करायच्या नसतात. ज्येष्ठ आणि तरुण भांडतायत ते बहुतेक या तीन ढिगांची सरमिसळ झाल्यामुळं. दोघंही अर्धे बरोबर आहेत.

त्याआधी मात्र एक कंटाळवाणं काम उरकून घ्या. दोघांनी घरोघर फिरून वहीत तक्ता करायचा: घटनेची तारीख, अंदाजे वेळ, आत कसे शिरले (कडी-कोयंडा तोडून, कौलं काढून, उघड्या दारातून), काय गेलं, पोलिसांत काय दिलं, गुन्हा रजिस्टर नंबर काय. 'दहा-बारा चोऱ्या' असं सगळीकडं बोललं जात असताना वहीत कमी नोंदी निघतात आणि त्यातल्या निम्म्यांचीच फिर्याद झालेली असते, हा नेहमीचा अनुभव. एखादा मोबाइल चोरीला गेला म्हणून सांगितला जातो आणि कागद बघितला तर तो 'गहाळ' झाल्याचा दाखला असतो. गहाळ म्हणजे चोरी नाही. त्यावर तपास होत नाही, ठाण्याच्या आकड्यातही तो धरला जात नाही, आणि मग निरीक्षक म्हणतात, तुमच्या बीटात तर काहीच नाही. ते त्यांच्या कागदाप्रमाणं खरंच बोलत असतात.

म्हणून फिर्यादीचं जरा खोलात सांगतो. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, जुन्या दंड संहितेतले चोरीचे ३७९-३८० हे कलमांचे आकडे विसरा. साधी चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये येते. त्यात एक खाच आहे: पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा माल असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो (कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत), म्हणजे नुसती एन.सी., अदखलपात्र नोंद, हातात पडते. पण राहत्या घरातून चोरी झाली असेल तर कलम ३०५ लागतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि तिथं किमतीची अट नाही. घरातला तांब्याचा बंब गेला आणि त्याची किंमत तीन हजार निघाली, तरी तो दखलपात्र गुन्हाच. कुलूप तोडून शिरले असतील तर घरफोडीचं कलम ३३१ जोडलं जातं, रात्रीच्या घरफोडीत चोरीचा हेतू असेल तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. ठाण्यात 'रक्कम किरकोळ आहे, एन.सी. घ्या' असं कुणी म्हणालं तर माल कुठून गेला ते शांतपणे दाखवून द्या.

दुसरा नवा कायदा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फिर्याद, अटक, तपास यांची कार्यपद्धती. तिच्या कलम १७३(३) प्रमाणं तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. घरातली चोरी सात वर्षांची, त्यामुळं ती या सवलतीत बसत नाही. 'चौकशी करून कळवतो' हे उत्तर तिथं चालत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. हद्द कुठली हा वाद फिर्याद घेण्याच्या आड येत नाही, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून ते दुसऱ्या ठाण्याकडं पाठवतात. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. बरेच जण सहीला जात नाहीत आणि मग फिर्याद अडकते. ठाण्यात घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज, आणि तरीही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडं कलम १७५(३) चा अर्ज. मधली पायरी गाळून थेट कोर्टात गेलं की अर्ज तिथंच लटकतो.

आता गस्तीकडं येऊ. स्वतःच्या गल्लीत रात्री जागं राहून फिरायला कुणाची परवानगी लागत नाही, पण नावं, फोन नंबर आणि वेळ यांची यादी ठाण्यात आधी द्या. रात्री एक ते चार, चौघांची एक टोळी, आठवड्यात एकाला एकच रात्र, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात सगळे झोपतात. बॅटरी, शिट्टी, चमकणारं जॅकेट एवढं पुरे. काठी नको. सणवार, निवडणुका, आंदोलनं यांच्या आगेमागे जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चे मनाई आदेश वारंवार निघतात, त्यात लाठ्या-काठ्या बाळगायला बंदी असते. त्या काळात गस्तीची काठीच तुमच्यावर कलम १३५ चा गुन्हा आणते. गस्तीचं काम बघणं, शिट्टी मारणं आणि ११२ ला फोन करणं. कुणाला थांबवून ओळखपत्र मागायचा अधिकार गस्तीला नाही. 'काय पावणं, कुणाकडं निघालायसा?' एवढं विचारायला हरकत नाही. त्यानं उत्तर दिलं नाही आणि चालू लागला, तर त्याला जाऊ द्यायचं आणि वेळ लिहून ठेवायची. वाट अडवली की न्याय संहितेचं कलम १२६, खोलीत बसवून ठेवला की कलम १२७.

चोर खरंच सापडला तर काय? नागरिकाला माणूस पकडता येतो, पण कधी, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये स्पष्ट आहे: दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा त्यानं तुमच्या समोर केला असेल, किंवा तो फरार घोषित असेल, तरच. काल चोरी झाली आणि आज हा त्याच बोळात दिसला, यावर नाही. पकडल्यावर विनाकारण वेळ न घालवता आणि काहीही झालं तरी सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. सहा तास ही सवलत समजू नका, पेठेतून ठाणं दहा मिनिटांवर असताना दोन तास का लागले, याचं उत्तर मागितलं जातंच.

क्रम असा ठेवा. आधी ११२ ला फोन, फोनची वेळ लिहा. दोन ज्येष्ठ माणसं त्याच्याजवळ बसतील, बाकीच्यांना लांब पाठवा. पाणी द्या. हात बांधू नका, खांबाला तर नाहीच. खिसे उलटे करू नका, झडती आणि जप्ती पोलिसांनी पंचांसमक्ष करायची असते आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणं तिचं चित्रीकरण बंधनकारक आहे. पोरांनी आधीच खिशातनं काढून कट्ट्यावर मांडलेला माल पुढं 'याच्याकडं सापडला' असं सिद्ध करणं अवघड जातं. बाई असेल तर जवळ बायकाच बसतील. पोलीस घेऊन गेले की ठाण्यात जाऊन स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक मागून घ्या.

आणि मार. यावर बैठकीत सगळ्यात जास्त वाद होईल, म्हणून सरळ सांगतो की मारानं केस बिघडते. अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी होते आणि डॉक्टर प्रत्येक वळ लिहितात. त्या कागदावरून चोराची उलट तक्रार उभी राहते आणि बेकायदा जमावाचं कलम लागलं की हात उचललेला आणि बाजूला उभा राहून मोबाइल धरलेला, दोघंही आरोपीच्या यादीत येऊ शकतात. 'मी फक्त बघत होतो' हे सिद्ध करायला वर्षानुवर्षं तारखांना जावं लागतं. पाच किंवा जास्त जणांनी जात, जमात, जन्मस्थान, भाषा असल्या कारणावरून मिळून केलेल्या गंभीर दुखापतीला न्याय संहितेच्या कलम ११७(४) मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माणूस मेला तर कलम १०३(२), म्हणजे जन्मठेप किंवा फाशी. मारून वदवून घेतलेल्या कबुलीचा व्हिडिओ कोर्टात चोराविरुद्ध फारसा उपयोगाचा नसतो. मारणाऱ्यांविरुद्ध मात्र तो पुरावा चोख असतो.

घरात शिरलेल्या चोराशी झटापट झाली तर खासगी बचावाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि रात्रीच्या घरफोडीत तो बराच लांब जातो. पण घुसखोरी चालू आहे तोवरच. चोर कंपाउंडवरून उडी मारून बोळात पळाला, त्याला पुढच्या चौकात गाठून आडवा केला, तर तो बचाव राहत नाही.

पालांचा विषय वेगळा काढतो, कारण तिथं कोल्हापूरचा स्वतःचा इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये गेला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९१८ मध्ये, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज चावडीवर द्यावी लागणारी हजेरी बंद केली. 'पालावरच्या सगळ्यांची नावं लिहून घ्या आणि रोज सकाळी मोजा' अशी सूचना बैठकीत आली, तर ती नेमकी तीच हजेरी आहे, हे सांगणारा कुणीतरी तिथं असावा.

कायद्यानंही हा मार्ग महागात पडतो. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्याच्या राहत्या जागेतून जबरदस्तीनं उठवलं तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३ लागतं, आणि त्या कायद्यात अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, पोटासाठी फिरत होते. तिथंही सुरुवात मोबाइलवरच्या मेसेजनंच झाली होती. मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण ही खरंच अडचण असेल तर जागा कुणाची ते बघून महापालिकेला किंवा महसूल खात्याला अर्ज करा. तो अतिक्रमणाचा अर्ज असेल, चोरीचा नव्हे. दोन्ही एका कागदावर आणू नका.

ग्रुपवरच्या फोटोंचं उत्तर छोटं आहे: टाकू नका. कॅमेऱ्यात सापडलेला चेहरा तपास अधिकाऱ्याला द्या. तो पोरगा अठराच्या आतला निघाला तर बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणं त्याची ओळख उघड करणं हाच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोठा असेल आणि चोर नसेल तर बदनामी. शिवाय फोटो फिरला की खरा चोर हद्द सोडतो आणि ओळख परेडीला अर्थ राहत नाही, कारण साक्षीदारानं चेहरा आधीच मोबाइलवर शंभरदा बघितलेला असतो. एका स्टेटसवरून शहर कुठवर जातं ते ७ जून २०२३ ला कोल्हापूरनं बघितलंय, दंगल होऊन इंटरनेट बंद ठेवावं लागलं होतं.

तडीपारीचा ठराव पेठ करू शकत नाही. पेठ माहिती देऊ शकते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ५५ टोळीसाठी, ५६ धोकादायक वर्तनाच्या व्यक्तीसाठी, ५७ शिक्षा झालेल्यांसाठी. कलम ५६ खाली सहसा प्रांताधिकारी आदेश काढतात, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यासाठी त्या माणसाचे अलीकडचे गुन्हे लागतात आणि साक्षीदार भीतीनं उघड साक्ष द्यायला पुढं येत नाहीत, हेही दाखवावं लागतं. ते दाखवण्यासाठी पोलीस गोपनीय जबाब नोंदवतात. पेठेनं खरी मदत करायची असेल तर ती इथं: दोन-तीन माणसांनी जाऊन तारीख, वेळ, जागा, काय घडलं असा ठोस जबाब द्यावा. 'तो गुंड आहे, सगळे घाबरतात' एवढ्यावर आदेश टिकत नाही. ज्याच्यावर कारवाई होणार त्याला कलम ५९ प्रमाणं नोटीस मिळते, वकील देता येतो, आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य शासनाकडं अपील करता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये दीपक डोंगरे प्रकरणात स्पष्ट केलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, माणसाच्या संचारस्वातंत्र्यावर घाला आहे, आणि तो तारतम्यानंच वापरायचा. पाच-सहा वर्षांपूर्वीचे गुन्हे चिकटवून काढलेला आदेश उडतो. आता आदेशाला आव्हान द्यायला मुंबईही गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. कच्चा आदेश घाईनं काढायला लावला, तो महिन्याभरात रद्द झाला आणि माणूस गल्लीत मिरवत परत आला, तर पेठेची भीती दुप्पट होते.

त्याच्या घरच्यांशी कुणी संबंध ठेवायचा नाही, असला ठराव कुणी सुचवला तर तो फळ्यावरही लिहू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे. एकाच समाजात असा बहिष्कार घातला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ठरावानं माणसं वळवता येतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तो राज्यभर गेला. त्या ठरावानं कुणाला शिक्षा होत नव्हती, लोकांना आवाहन होतं.

'पोलीस संशयितांना नुसतं उचलून आत का टाकत नाहीत?' हा प्रश्न हमखास येतो. कारण उचललेला माणूस चोवीस तासांत कोर्टापुढं उभा करावा लागतो, त्याच्या नातेवाइकाला कळवावं लागतं आणि अटकेची कारणं त्याला लेखी द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, ही कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी दिलीच पाहिजेत असं सांगितलं. हे चुकलं की अटकच बेकायदा ठरते आणि खरा चोरही बाहेर पडतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत तर सरसकट अटक नसतेच, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावतात. ज्येष्ठ मंडळींना हे पटकन पटतं, तरुणांना नोटिशीचा कागद दाखवावा लागतो. आणि हे नियम पेठेतल्या पोरांनाही लागू आहेत. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवरून मंडळाच्या अध्यक्षाला ठाण्यात बोलावलं की पहिला फोन वकिलाला जातो, तो याच हक्कांच्या जिवावर.

कॅमेऱ्यांवर पैसा खर्च होणार असल्यानं इथं आकडे नीट बघा. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा २ एमबीपीएसवर चोवीस तास चालला तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना ८६ जीबी. विक्रेता १ टीबीची डिस्क देतो, ती अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहिलं जातं. माणसं लग्नाला किंवा गावच्या यात्रेला जाऊन पंधरा दिवसांनी परतल्यावर चोरी कळते, तोवर सगळं पुसलेलं. महिनाभराचं हवं तर चार कॅमेऱ्यांना जवळपास २.६ टीबी, म्हणजे ४ टीबीची डिस्क घ्या. ३.६ मिलिमीटरच्या नेहमीच्या भिंगातून चेहरा ओळखू येईल असा चार-पाच मीटरपर्यंतच मिळतो. चौकात उंच खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोपी दिसते. बोळाच्या तोंडाशी, आठ-नऊ फुटांवर, अंगावर येणाऱ्या माणसाकडं रोखलेला एक कॅमेरा चौकातल्या तिघांपेक्षा उपयोगी. रात्री गाडीचा हेडलाइट समोरून आला की नंबरप्लेट पांढरी फक्क होते, म्हणून नंबरसाठीचा कॅमेरा गाडीच्या मागच्या बाजूला बघणारा हवा.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ. आतली बारीक बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागं जाते. दर रविवारी मोबाइलशी ताडून बघा. घटना घडल्यावर घड्याळ चुकलेलं आढळलं तर ते दुरुस्त करू नका. किती मिनिटांचा फरक आहे ते पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा, मगच हात लावा. आधी दुरुस्त केलं की आरोपीचा वकील तेवढ्यावर दोन तारखा खातो. फुटेज पेनड्राइव्हवर दिलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात तो भरतो, दुसरा तज्ज्ञ, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, येतं. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या नमुन्यावर आजही प्रमाणपत्रं दिली जातात, ती परत येतात.

फुटेज कोण बघणार हे बैठकीतच ठरवा. पासवर्ड दोघांकडं, त्यातली एक बाई. बघितलं की वहीत नोंद: तारीख, कारण, सही. कॅमेऱ्याचं तोंड कुणाच्या न्हाणीच्या खिडकीकडं किंवा उंबऱ्याच्या आत जाता कामा नये. 'कोणाची पोरगी किती वाजता घरी आली' हे बघायला फुटेज उघडलं गेलं की पेठेतल्या निम्म्या घरांचा पाठिंबा संपतो आणि तो संपायलाच हवा. पथदिव्याच्या खांबावर बसवायचं असेल तर महापालिकेची लेखी परवानगी घ्या.

दिव्यांचं काम त्यामानानं सोपं. रस्त्यावर उजेड ठेवणं हे महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ खालचं बंधनकारक कर्तव्य आहे. 'आमच्या भागात अंधार असतो' असा अर्ज गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी किंवा ताराराणी मार्केट यांपैकी तुमच्या विभागीय कार्यालयात पडून राहतो. 'खांब क्रमांक अमुक, तमुक, बंद असल्याची तारीख अमुक' असा अर्ज दिला की लाइनमन येतो. भाडेकरूंचंही तसंच, मालकांनी नोंदणीकृत भाडेकरार करावा आणि पोलिसांना माहिती कळवावी एवढं सांगा. 'अमक्या जातीधर्माला खोली द्यायची नाही' हे इतिवृत्तात आलं तर ते उद्या तुमच्याच विरोधात वाचलं जाईल.

बैठक रविवारी संध्याकाळी पाचला ठेवा, रात्री नऊला ठेवली की बायका येत नाहीत आणि दिवसभर घरी त्याच असतात. अध्यक्ष वादातल्या दोन्ही गटांबाहेरचा. प्रत्येकाला तीन मिनिटं. ज्याच्यावर संशय आहे त्याचं नाव बैठकीत घ्यायचं नाही, ठाण्यात जबाब देताना घ्यायचं. हात वर करून मतदान फक्त पहिल्या ढिगावर, म्हणजे आपण स्वतः करायच्या गोष्टींवर. दुसऱ्या ढिगाचं पत्र होतं. साधारण असं:

'मा. पोलीस निरीक्षक यांस. विषय: पेठेतील घरफोड्या व रात्रगस्त. सोबत घटनांचा तक्ता व नकाशा जोडला आहे. विनंती: नकाशातील तीन बोळांत रात्री १ ते ४ या वेळेत बीट मार्शलची फेरी व्हावी. तक्त्यातील ज्या घटनांची फिर्याद झालेली नाही त्यांच्या फिर्यादी एका दिवशी नोंदवून घेण्यासाठी तारीख द्यावी. रहिवाशांच्या गस्तीची नावे सोबत दिली आहेत.'

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत या. तीस दिवसांनी आकडे हवे असतील तर माहिती अधिकारात मागा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांत. तपासाची कागदपत्रं मागितली तर नकार येईल. अमुक महिन्यांत अमुक कलमांखाली किती गुन्हे दाखल, किती उघड, किती मुद्देमाल परत, अशी संख्या मागितली तर सहसा मिळते.

तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नाही कळवलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ चा उल्लेख करून पत्र द्या. चोर सापडलाच नाही तर पोलीस 'अ' समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. तिला घाबरू नका, मोटरसायकलच्या विम्याला तोच कागद लागतो. 'ब' समरी आली, म्हणजे फिर्यादच खोटी ठरवली, तर मात्र कोर्टाच्या नोटिशीच्या तारखेला हजर राहून हरकत घ्यायलाच हवी. ही नोटीस फिर्यादीतल्या पत्त्यावर जाते. भाड्याचं घर बदललेल्यांची तारीख इथंच चुकते, म्हणून तक्ता करतानाच पत्ता बदललेल्यांची नावं काढा आणि तपास अधिकाऱ्याला नवा पत्ता लेखी द्या.